एका विहिरीची चार कार्डं

मार्च लागला की नगरची हवा एकाएकी कोरडी होते. ओठ फुटतात, माठ ओसरीवर येतो, कडुलिंबाचा बारीक फुलोरा दारात सांडायला लागतो आणि गल्लीतल्या निम्म्या घरांतून पाठांतराचा आवाज येतो. जन्मभर मी शिकवलं, पेपर काढले, पेपर तपासले. म्हणजे या दिवसांची मला सवय व्हायला हवी होती. ती झाली नाही. मार्चमध्ये माझं कशात लक्ष लागत नाही, जेवण जात नाही आणि समोर येईल त्याच्यावर मी करवादते. शेजारीपाजारी म्हणतात, बाईंना ऊन बाधतं. म्हणू देत बापडे.

माझ्या वरच्या खोलीत कोल्हारची प्राजक्ता भाड्यानं राहते. कॉम्प्युटरचं शिकते. पोरगी गुणी आहे, फक्त पाठांतर येरझारा घालत करते, त्यामुळे माझ्या डोक्यावर दिवसभर तिच्या चपलांचा आवाज. परवा दुपारी ती पुस्तक छातीशी धरून खाली आली.

"मॅडम, एक विचारू? एकच गोष्ट चार ठिकाणी लिहून ठेवली तर बिघडतं काय हो? थोडी जागा जास्त लागते, एवढंच ना?"

"पुस्तकात काय दिलंय?"

"पुस्तकात तीन कारणं दिलीत. पण खरं सांगू? मला ती पटत नाहीत. जागा आता काय, हवी तेवढी मिळते."

"पटत नसतील तर पाठ कर," मी म्हणाले, आणि तेही असं खेकसून, की बिचारी आल्या पावली परत गेली. चपलांचा आवाजसुद्धा थांबला. मी मात्र बसल्या जागी बसून राहिले. तिला उत्तर येत नव्हतं म्हणून मी चिडले नव्हते. मला येत होतं, त्याचा तो राग होता.

आमच्या वेळी कॉम्प्युटर शिकायचा म्हणजे कॉम्प्युटर न बघता शिकायचा. बहात्तर साल. नगरच्या कॉलेजात मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय संख्याशास्त्र. आमचे पानसे सर कुठल्याशा मोठ्या संस्थेत महिनाभर राहून ते यंत्र पाहून आले होते. तेव्हापासून सर अर्धे इथे आणि अर्धे तिथेच असायचे. विद्यापीठाच्या विषयांवर त्यांनी आपला एक जादा पेपर बसवला. माहिती गोळा कशी करायची, साठवायची कशी, पाहिजे तेव्हा हुडकायची कशी. वर एक आमिष ठेवलं. या पेपरासह वर्गात जो पहिला येईल, त्याला ते स्वतः खटपट करून पुण्याला यंत्रावर शिकायला पाठवणार होते. आम्ही अकरा जण होतो. नऊ मुलं, आणि दोन मुली. मी आणि मंजुळा.

मंजुळा पारनेरच्या बाजूची. गावापासून कोसभर लांब माळावर त्यांची वस्ती, सगळी शेती पावसावर. त्या वस्तीवरून मुलगी कॉलेजात येणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. तिच्या वडिलांनी भावकीचं सगळं ऐकून घेऊन तिला नगरला आणून सोडलं होतं. वसतिगृहात आम्ही एकाच खोलीत होतो. तिची खाट आणि माझी खाट यांत दोन हातांचं अंतर. ती दात घासायला तांब्यातलं अर्धंच पाणी घ्यायची आणि उरलेलं परत बादलीत ओतायची. मी तिला चिडवायचे. ती म्हणायची, "हस, हस. तुमच्याकडं नळ हाय." सरांपुढे ती जपून 'आहे' म्हणायची, खोलीत आली की 'हाय'. आणि हुशार म्हणाल तर विचारू नका. मी घोकून जे मिळवायचे ते तिला बसल्या बसल्या सुचायचं. मला तिचा हेवा वाटायचा. आता लपवायचं कशाला? खूप वाटायचा.

सरांनी आम्हाला ऑपरेटिंग सिस्टीम शिकवली ती वर्गातल्या बाकांवर. यंत्र नाही ना, मग आपणच यंत्र व्हायचं. एका मुलाला कामं लिहिलेली कार्डं वाचायला बसवलं, एकाच्या हातात पाटी देऊन त्याला यंत्राची स्मृती बनवलं, एकाला बेरजा करायला लावलं, एकाला फळ्यावर उत्तर छापायला उभं केलं. बाकीचे आम्ही आपापली कामं घेऊन रांगेत. आणि मंजुळाला सरांनी सगळ्यांच्या मध्ये खुर्ची दिली. तिनं स्वतः काही करायचं नाही, फक्त कुणाचं काम कधी चालेल ते ठरवायचं. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ. एका लांबलचक बेरजेनं सगळा तास खाल्ला. दुसऱ्या दिवशी मंजुळानं फर्मान काढलं, की ज्याचं त्याचं काम थोडं थोडं चालेल, मग पुढच्याची बारी, मग परत पहिल्याची. कुणी कुणाचं अडवायचं नाही. अर्ध्या तासात सगळ्यांची कामं पुरी झाली.

सर खूश. "हे तुला सुचलं कसं?"

"सुचायचं काय त्यात, सर? आमच्या वस्तीवर इहीर एक आन् भाऊ चार. माझे वडील आन् तीन चुलते. आज ह्याची बारी, उद्या त्याची. चौथ्या दिवशी आमची मोट."

वर्गात हशा पिकला. मुलांनी पुढे आठवडाभर तिला 'मोटवाली' म्हटलं. मीही हसले होते. तिच्या शेजारीच बसले होते मी, शब्द न् शब्द ऐकला होता.

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. आदल्या वर्षीही त्यानं काही फार दिलं नव्हतं. दिवाळीपर्यंत नगरच्या चारी बाजूंना खडी फोडायची कामं निघाली. एस.टी.च्या खिडकीतून रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसंच माणसं दिसायची, बायका डोक्याला पदर गुंडाळून दगडावर हातोडी घालत बसलेल्या. रेशनला लाल मिलो आला, अमेरिकेतली ज्वारी. वसतिगृहात त्याच्या भाकरी व्हायच्या, तांबड्या आणि चिवट, आणि त्याचा वास कपड्यांना यायचा. अंघोळीला एक बादली दोघींत. मंजुळाला त्याचं काही वाटायचं नाही. घरून पत्र आलं की मात्र ती ते वाचून उशीखाली ठेवायची आणि बराच वेळ खिडकीत उभी राहायची.

नाताळाच्या आधी सर एक काम घेऊन आले. टँकर थोडे आणि वस्त्या फार. कुठल्या वस्तीला आधी पाणी द्यायचं याची यादी सरकारी कचेरीतल्या एका साहेबांना हवी होती आणि त्यांच्याकडे हिंडायला माणसं नव्हती. सर म्हणाले, यादी माझी मुलं करतील. लग्नपत्रिकांच्या एका छापखान्यातून त्यांनी जाड पुठ्ठ्याची कार्डं कापून आणली. त्या साली लग्नं मोजकीच, त्यामुळे छापखानेवाला रिकामाच होता. कार्डाच्या चारी कडांना भोकं, एकेका गोष्टीसाठी एकेक भोक ठरलेलं. मधल्या जागेत विहिरीची माहिती लिहायची. विहिरीला पाणी असेल तर पाण्याचं भोक कंडक्टरच्या जुन्या चिमट्यानं काठापर्यंत कापून टाकायचं. मग सगळी गड्डी एकत्र धरून त्या भोकातून लोकरीची सुई घालायची आणि उचलायची. कापलेली कार्डं खाली पडतात, बाकीची सुईवर राहतात. पाण्याच्या विहिरी तेवढ्या टेबलावर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्हाला ही जादूच वाटली. आज प्राजक्ता दोन ओळी लिहून जे विचारते, ते आम्ही सुईनं विचारायचो.

सरांनी एक नियम घातला. आपल्या गावाचं कार्ड आपण भरायचं नाही. माणूस आपल्या गावाला झुकतं माप देतो, म्हणून. चिठ्ठ्या टाकल्या आणि मंजुळाचं गाव माझ्या वाट्याला आलं. निघताना ती म्हणाली, "गावात थांबू नगंस. वस्तीवर जा. आई भाकरी देईल." मी हो म्हटलं.

मी वस्तीवर गेले नाही. परतीची एस.टी. चारला होती आणि ती चुकली असती तर गावात मुक्काम पडला असता. गावच्या चावडीत पोत्यावर बसून मी एकेका शेतकऱ्याला बोलावून घेतलं. वस्तीवरचे चौघे एकामागून एक आले. डोक्याला पटका, हातात काठी. मी विचारलं, विहीर आहे का? पहिला म्हणाला, "हाय की. माझी इहीर हाय." पाणी? "हाय थोडं." दुसरा म्हणाला, माझी इहीर हाय. तिसरा, चौथा, तेच. त्यातले चौथे मंजुळाचे वडील. तेही म्हणाले, "इहीर हाय आपली."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. आमच्याकडे चार आण्यांचा हिस्सा असला तरी गडी परक्यापुढे 'माझी विहीर' म्हणतो. हिस्सा सांगणं म्हणजे कमीपणा. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे पहिलं काय विचारतात, विहीर आहे का, हेच विचारतात. तेव्हा एका वहीवाल्या पोरीपुढे कोण कशाला सांगेल, की बाई, पाव विहीर आहे? मी चार कार्डं भरली. सर्व्हे नंबर लिहिले, एक्केचाळीसचा एक, एक्केचाळीसचा दोन, तीन, चार. माझ्याच हातानं एकाखाली एक लिहिले. चार वेळा चिमटा दाबला. चारच्या एस.टी.नं परत आले.

वसतिगृहात मंजुळानं विचारलं, "गेल्तीस का गं वस्तीवर?" मी म्हटलं, वेळच झाला नाही. कार्डं माझ्या पिशवीत होती. तिला दाखवली असती तर एका नजरेत तिनं सांगितलं असतं. पण सरांचा नियम होता, असं मी मनाशी म्हटलं. खरं कारण वेगळं होतं. माझं काम मला एकटीला करून दाखवायचं होतं, तिच्या मदतीशिवाय. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच, फक्त मी कळसा मुद्दाम काखेत दाबून धरला होता.

टेबलाभोवती आम्ही दहा जण उभे असताना सरांनी सुई उचलली. त्या वस्तीची चारही कार्डं खाली पडली. चार विहिरी, चारींना पाणी. यादीत ती वस्ती पार तळाला गेली. मंजुळा त्या दिवशी तापानं खोलीत पडून होती.

फेब्रुवारी सरत आला होता. एका सकाळी मंजुळाचे वडील वसतिगृहाच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. आत येईनात. आम्ही दोघी बाहेर गेलो.

"दादा, अवचित आलात?" मंजुळा म्हणाली.

"तुला न्यायला आलोय, बाळ." त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "तुझी आई हंडा घेऊन घसारली. कंबर धरलीय. उठता येत न्हाई. पानी दोन कोसांवरून आणाया लागतंय. धाकटी किती आणंल?"

"आन् टँकर?"

"आपल्या वस्तीला न्हाई टँकर. यादीत पानी हाय म्हन्त्यात. कुनी लिवलं काय म्हाईत. इहिरीच्या बुडाला चिखूल उरलाय नुसता." मग माझ्याकडे बघून ते म्हणाले, "तुमी आल्त्या न्हवं गावात? बसा की, उभ्या का?"

तिथे बसायला काही नव्हतं. मी फाटकाची सळई धरून उभी होते. मंजुळा आत गेली, ट्रंक भरली, पुस्तकं तेवढी माझ्या खाटेखाली सारली. "परीक्षेला येते मी," ती म्हणाली. "तवर सांभाळ." मी मान हलवली. एवढंच मी केलं.

त्याच दुपारी मी सरांकडे गेले. सरांनी ती चार कार्डं काढली, टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि सर्व्हे नंबरावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मी मालकाला कार्ड दिलं. विहिरीला द्यायला हवं होतं. चूक माझी आहे." सरांनी ती आपल्यावर घेतली. मी घेऊ दिली. दुसऱ्या दिवशी उजाडताच ते साहेबांकडे गेले. यादी दुरुस्त झाली, पण टँकरच्या फेऱ्या बांधलेल्या होत्या. वस्तीवर पहिला टँकर पोचला तेव्हा आमचा दुसरा पेपर झाला होता. मंजुळाच्या बाकावर नंबर खडूनं लिहिलेला, आणि बाक रिकामा. पर्यवेक्षक रोज तिच्या नावापुढे गैरहजर लिहायचे. मी मान वर न करता लिहीत राहायचे.

मी पहिली आले. पुण्याला मी गेले. ते यंत्र मी पाहिलं, त्या गार खोलीत उभी राहिले, पुढे त्याच्यावरच माझी भाकरी निघाली, चांगली निघाली. मंजुळा परीक्षेला बसली असती तर मी दुसरी आले असते. हे मी कधी कुणाला म्हटलं नाही. निरोपसमारंभात विद्यार्थ्यांनी माझ्या हुशारीवर भाषणं केली तेव्हाही नाही.

आता ही गोष्ट किती सोपी झाली आहे. काल संध्याकाळी प्राजक्ता परत खाली आली, रुसवा विसरून. मी तिला कागदावर चौकटी काढून दिल्या. माणसांचा एक तक्ता, विहिरींचा एक, आणि दोहोंच्या मध्ये हिश्श्यांचा तिसरा. विहीर एकदाच लिहायची. हिस्सेदार चार असोत की चाळीस.

"अय्या, विहिरींचं उदाहरण भारी आहे," ती म्हणाली. "पुस्तकात कायम विद्यार्थी आणि विषयच असतात. पण मॅडम, चार वेळा लिहिली असती तर झालं काय असतं?"

मी तिला सगळं सांगितलं नाही. म्हटलं, एका घरातल्या मुलीला पाणी भरायला जावं लागलं असतं. मग तिनं ते वहीत लिहून घेतलं, चौथं कारण म्हणून. वर गेल्यावर तिच्या चपलांचा आवाज पुन्हा सुरू झाला. मला बरं वाटलं आणि वाटलंही नाही.

मी मंजुळाच्या वस्तीवर गेले ती परीक्षा संपल्यावर, एप्रिलमध्ये. पुस्तकं परत द्यायची हे निमित्त. माळावर सावली म्हणून नव्हती. जनावरं बरीचशी विकली गेली होती, गोठे मोकळे. टँकर दोन दिवसांआड येऊन त्या एकुलत्या विहिरीत पाणी ओतून जायचा. मधल्या दिवसांत बाया ओढ्यातल्या खड्ड्यावर जायच्या. त्या वाटेवरच मला मंजुळा भेटली. डोक्यावर दोन हंडे, काखेत कळशी. काळवंडली होती. तळपायांच्या भेगांत माती गेली होती.

"थांबू नगंस," ती म्हणाली. "चालता चालता बोल. थांबलं की मान भरून येती."

मग मी चालता चालताच सांगितलं. चावडी, चार कार्डं, एक्केचाळीस नंबर, सुई, सगळं. फाटकाशी गप्प राहिले तेही. ती ऐकत होती, पाऊल चुकू देत नव्हती. एक बाभूळ मागे पडली, दुसरी पडली.

"खोलीत हुते की गं मी," ती म्हणाली. "दोन हातांवर. एकदा इचारलं असतंस."

"हो."

"वर्गात सांगितलं हुतं मी. समद्यांदेखत."

"हो."

"आता दादा म्हन्त्यात, फुडच्या वर्षी बघू. फुडचं वर्ष काय येत न्हाई, मला ठावं हाय. आईला आता वजन उचलायचं न्हाई." तिच्या आवाजात रडणं नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं. मी माफी मागितली. तिनं ती घेतली नाही आणि परतही केली नाही.

थोडं चालल्यावर ती म्हणाली, "सरांचा पेपर काय आल्ता?"

"राहू दे ना, मंजुळा."

"सांग की. घर यायाला अजून लई येळ हाय."

मी पहिला प्रश्न सांगितला. तिनं उत्तर सांगितलं. पूर्ण, मुद्देसूद, मध्ये दम घेत. दुसरा सांगितला. तो मी परीक्षेत अर्धवट सोडला होता आणि सरांनी त्याचे निम्मेच गुण दिले होते. तिनं तो सोडवला, आणि मला कुठे अडलं असेल तेही सांगितलं. तिसऱ्याला ती जराशी हसली, म्हणाली, हा सोपा काढला सरांनी. चौथ्याला तिनं दोन रीती सांगितल्या. हंड्यातलं पाणी काठाशी हलत होतं, पण सांडत नव्हतं. पुस्तकांची पिशवी खांद्याला अडकवून मी तिच्या शेजारी रिकाम्या हातांनी चालत होते. कळशी मागितली होती, तिनं दिली नव्हती.

"पाचवा?"

मी सांगणार नव्हते. पण ती वाट बघत होती.

"एका वस्तूचे चार हिस्सेदार आहेत. प्रत्येक जण ती आपली म्हणून सांगतो. नोंद कशी ठेवाल?"

मंजुळा थांबली. सगळ्या वाटेत पहिल्यांदाच थांबली. डोक्यावरचा एक हंडा तिनं हातानं सावरला आणि पुन्हा चालायला लागली. त्या प्रश्नाचं उत्तर तिनं दिलं नाही. वस्तीतली घरं दिसायला लागल्यावर तिनं विचारलं, "ह्याला तुला किती मिळालं?"

"दहापैकी दहा," मी म्हणाले.